चकचकीत टो-बॉल

तुमच्या पिकअपच्या हौद्यात शेवटचं ओझं कधी पडलं होतं? सुपरमार्केटच्या पिशव्या सोडून सांगा.

हा प्रश्न मी वॉटफर्डच्या एका हॉलच्या कार पार्कमध्ये शिरीषकाकांना विचारला. काका ब्रॅकनेलला आयटीत आहेत. त्यांची नवी अमेरिकन फुल-साइज पिकअप पार्किंगचे दोन बे अडवून उभी होती.

"तू आर्मीत मेकॅनिक होतास ना? ऐक, व्ही-एट आहे." त्यांनी उगाच ॲक्सिलरेटर दाबला. "पिकनिकला देसाईंची गाडी चिखलात रुतली. मागच्या गोळ्याला, टो-बॉलला, दोर अडकवला, एक झटका, बाहेर."

"देसाई कुठे होते?"

"गाडीतच. स्टिअरिंगला कोणी नको का?"

आत जेवण वाढलं होतं, काका तिकडे निघून गेले. सांगायचं राहिलं, म्हणून हे लिहितो.

मी स्लाऊचा. बाबा सत्तेविरुद्ध पत्रकं छापून वाटायचे आणि आमच्या सोफ्यावर माणसांपेक्षा गठ्ठे जास्त असायचे. त्यातलं एक वाक्य मला पाठ होतं: हुद्दा हा पुरावा नसतो. हे वाक्य घेऊन मी आर्मीत गेलो. बाबा बरेच दिवस बोलले नाहीत.

पोस्टिंग वेल्समधल्या ट्रेनिंग एरियात. मी लान्स कॉर्पोरल, व्हेइकल मेकॅनिक. सकाळी फर्स्ट परेड, म्हणजे गाड्यांची तपासणी: ऑइल, कूलंट, टायर. मग चहा. चहाला कॉर्पोरल इव्हान्स बोलायचा. त्याच्या मामाच्या फार्मवर काकांच्या पिकअपचंच जुनं मॉडेल होतं, त्यामुळे तिची वंशावळ त्याला तोंडपाठ. आधी एका रांगेतलं सहा सिलिंडरचं साधं इंजिन. बॉनेटखाली एवढी मोकळी जागा, की आत उभं राहून काम करावं. मग आठ सिलिंडरचं व्ही-एट. ते दर पिढीला फुगत गेलं. इंधन महागलं तेव्हा जोडीला टर्बो लावलेलं व्ही-सिक्सही आलं. केबिन लांबत गेली, हौदा आखूड होत गेला.

"म्हणजे माणसं वाढली आणि माल घटला," मी म्हणालो.

"माणसं नाही रे. कुल्ले," इव्हान्स म्हणाला.

आमच्या कॅप्टनकडे त्या पिकअपचं ताजं मॉडेल होतं. स्वतःची खाजगी गाडी. हौद्याच्या फाळक्यावर एक ओरखडा नाही. एका एक्सरसाइजच्या, म्हणजे सरावाच्या, दिवशी आमची लँड रोव्हर दलदलीत ॲक्सलपर्यंत रुतली. इव्हान्स स्टिअरिंगवर होता. रुतलेल्या गाड्या ओढणारा रिकव्हरी ट्रक अजून वाटेत होता. कॅप्टनला थांबायचं नव्हतं. त्याने आपली पिकअप मागे घेतली आणि दोराचा फास टो-बॉलवर टाकला.

"सर, तो रिकव्हरी पॉइंट नाही," मी म्हणालो. "बॉल ट्रेलर ओढायला असतो. झटका बसला तर तुटतो."

"इंजिन किती मोठं आहे ठाऊक आहे का, लान्स कॉर्पोरल?"

इंजिनाचा काय संबंध? इंजिन मोठं, तेवढाच झटका मोठा. पण ज्याला गाडी म्हणजे छाती वाटते, त्याला हे कोण सांगणार.

आमच्याकडे रीत होती: शॅकल, म्हणजे जाड पोलादी कडी, चॅसीला लागल्याशिवाय आणि दोराच्या रेषेतून सगळे हटल्याशिवाय कोणी गिअर टाकायचा नाही. इव्हान्सने मला शॅकल आणायला पाठवलं आणि रेडिओवर कॅप्टनला सांगितलं. माझ्या सेटवर मी ते ऐकलं.

"होल्ड. शॅकल येतोय. मी गाडीतून उतरतोय. ओव्हर."

"नो नीड. पुलिंग नाऊ."

"निगेटिव्ह. होल्ड, होल्ड."

व्ही-एटचा आवाज आला. दोर ताणला. मग चाबकासारखा एक आवाज. टो-बॉल तुटून दोरासकट उलटा गेला आणि लँड रोव्हरच्या काचेतून आत शिरला.

मी शॅकल हातात घेऊन पोचलो. इव्हान्सचा एक हात दाराच्या हँडलवर होता.

इन्क्वायरीत कॅप्टन म्हणाला, गाडीची ताकद आपल्याला कळली नाही. ती ताकद तो मेसमध्ये रोज सगळ्यांना ऐकवायचा.

शिरीषकाका, तुमच्यात आणि त्याच्यात फरक एवढाच, की देसाई अजून जेवतायत.

इव्हान्सच्या फ्युनरलला मामा त्या जुन्या सहा सिलिंडरच्या पिकअपमधून आला होता. हौद्यात मेंढ्यांसाठीचा पेंढा होता. शवपेटी त्यावरच ठेवली. त्या हौद्यात तेव्हाही खरं ओझं होतं.

तुमच्याकडे अशी गाडी असेल तर आज एवढं करा. ट्रेलर नसेल तेव्हा टो-बॉल काढून ठेवा. हौद्यात एक रेटेड शॅकल, म्हणजे किती भार पेलतो ते कोरलेला, टाका. चॅसीवरचा रिकव्हरी पॉइंट कुठे आहे ते वाकून बघा, कपडे मळू देत. आणि कोणी बॉलला दोर लावताना दिसलं, तर आधी रुतलेल्या गाडीतल्या माणसाला खाली उतरवा. कोणी सांगितलं असं विचारलं, तर कॉर्पोरल इव्हान्सचं नाव सांगा.