विहिरीवरचं सरकार

आपली खुर्ची अजून किती दिवस टिकेल हे एखाद्या हुकूमशहाला जाणून घ्यायचं असेल, तर त्यानं सेनापतीला विचारू नये, ज्योतिषाला तर मुळीच विचारू नये. सरळ डिंगोऱ्याला येऊन माझ्या मामेसासऱ्यांना भेटावं. चहा मिळेल, भाजलेल्या शेंगा मिळतील आणि खुर्ची कधी सोडायची तेही कळेल. माझ्या बायकोचे हे मामा. वय सत्तरीपलीकडे, शिक्षण सातवी, घराण्यात एकेकाळी मेंढरं, आता कांदा आणि टोमॅटो. पण दुनियेत कुठंही एखादं सरकार पडलं की पुण्यात माझा फोन सकाळी सहाला वाजतो. हॅलो वगैरे भानगड नाही. "पावणं, गेला!" कोण गेला म्हणून मी अंथरुणात ताडकन उठून बसतो, कारण नात्यातलं कुणी ना कुणी आजारी असतंच. "अवो, त्यो गॉगलवाला! इमानात बसून पळाला. मी म्हनलं व्हतं ना तुमाला?" नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत. गॉगलवाला, पदकवाला, टोपीवाला आणि घरात वाघ पाळणारा अशी त्यांनी जगाची वाटणी केलेली आहे. बायको उशीत तोंड खुपसून म्हणते, "मामाच असणार. कोण पडलं आज?"

बरं, नुसत्या बातम्या ऐकून गप्प बसणारा हा माणूस नव्हे. आळेफाट्याला बी-बियाणं आणायला गेले की अर्धा दिवस हॉटेलात बसून लांबच्या मुलखातल्या ट्रकवाल्यांना ते आपल्या हिंदीत विचारणार, "तुमारे उधर लोग डरते हैं क्या? किसको?" एकदा लेण्याद्रीच्या पायऱ्या चढताना एक परदेशी म्हातारा-म्हातारी दम खात बसलेली दिसली. मामांनी त्यांना शेंगा दिल्या, गूळ दिला आणि माझ्याकरवी विचारलं, तुमच्याकडं काय चाललंय? योगायोग असा, की त्यांच्या देशात एक साहेब पस्तीस वर्षं बसून मग पडलेला निघाला. मामा तिथंच पायरीवर मांडी घालून बसले. "इचारा, इचारा, कसा पडला?" म्हातारा म्हणाला, "एका सभेत लोकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. आधी थोड्यांनी, मग कुणीच नाही." मी भाषांतर केलं तसे मामांचे डोळे पाण्यानं भरले. त्यांनी म्हाताऱ्याचा हात दोन्ही हातांत धरला, आणि गिरिजात्मजाचं दर्शन त्या दिवशी आम्हाला बरंच उशिरा झालं.

तेव्हापासून टाळी हा त्यांचा सिद्धांत झाला. "पावणं, मेंढरू धनगराच्या काठीला भिऊन चालत न्हाई. पुढचं चालतंय म्हणून मागचं चालतंय. सरकारचं तसंच हाय. ज्या दिवशी चार जणं जाग्यावर हुबी ऱ्हातील, त्या दिवशी काठी नुसती काठी." आणि जो माणूस किल्ली स्वतःच्याच कमरेला बांधतो तो हमखास पडतो, असाही त्यांचा एक नियम होता. हा नियम सांगताना त्यांचा हात नकळत स्वतःच्या कमरेला जायचा.

कारण तिथं किल्ली होती! सात घरांची मिळून एक विहीर, विहिरीवर एक मोटार, मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीला कुलूप, आणि त्या कुलपाची किल्ली वीस वर्षं मामांच्या करगोट्याला. पाण्याची पाळी कुणाची कधी, हे मामा ठरवणार. उशिरा आला त्याची पाळी गेली. पाट फुटू दिला तर पुढच्या वेळी अर्धाच तास. अपील नाही, बैठक नाही, काही नाही. मी एकदा जावईपणाच्या जोरावर म्हटलं, "मामा, तुमच्या नियमानं तुम्हीही..." त्यांनी असं काही रोखून पाहिलं की पुढचे शब्द मी पोह्यांबरोबर गिळले. "ती शिस्त हाय," ते म्हणाले. पलीकडे मामी चुलीपुढं पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. त्या हसत होत्या की धुरानं तसं केलं होतं, ते तेव्हा मला कळलं नाही.

गेल्या हिवाळ्यात मामांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया निघाली. एका दिवसाचं काम, पण रक्तातली साखर इतकी वाढलेली निघाली की डॉक्टरांनी तीन दिवस ठेवून घेतलं. आणि नेमकी साती घरांची कांद्याची लावणी नुकतीच झालेली. लावणीनंतर तीन-चार दिवसांत पाण्याची दुसरी पाळी मिळाली नाही तर रोप माना टाकतं, हे मलासुद्धा लग्नानंतर कळलेलं आहे. मी म्हटलं, "मामा, किल्ली द्या, मी पोचवून येतो." मामा म्हणाले, "जावयाच्या हातात सत्ता देऊ नये." बरं, मग शेजाऱ्याला देऊ? "त्यो आधी सोताचंच भिजवील." मामींना? "तिला स्टार्टरचं काय कळतंय?" नर्सनं अंगावरचं सगळं काढायला लावलं तेव्हा त्यांनी किल्ली मुठीत धरली आणि मुठीसकट आत गेले. बाहेर आल्यावर एका डोळ्याला पट्टी, आणि दुसऱ्या डोळ्यानं छताकडे बघत एकच घोकणं: "सात घरांचं वाटुळं व्हनार. माझ्यामुळं व्हनार." तरी मूठ काही उघडली नाही. मला राग आला आणि दयाही आली.

चौथ्या दिवशी गाडी त्यांनी घराकडे नेऊच दिली नाही. सरळ शेतात. उतरले आणि बांधावरच थांबले. साती घरांचे वाफे ओलेचिंब, रोपं कशी ताठ उभी, आणि मोटार मजेत चालू. इतक्यात मामी साडी खोचून, हातात खोरं घेऊन आल्या, पेटीपाशी गेल्या, बांगडीतल्या सेफ्टी पिनेला लावलेली किल्ली काढली, कुलूप उघडलं, मोटार बंद केली आणि पुन्हा कुलूप लावलं. सराईत हात. मग त्यांना आम्ही दिसलो.

"ही किल्ली कुठनं आली?" मामा तिच्याकडे बोट दाखवून म्हणाले.

"नऊ वरसं झाली. तुमी झोपल्यावर साबनावर ठसा घेतला, आळेफाट्याला करून आनली. साती घरात एकेक हाय."

मामा खाली बसले. मला वाटलं आता भडका उडणार. पण त्यांनी एवढंच विचारलं, "मंग मला पाडलं का न्हाई?"

मामींनी खोरं बाजूला ठेवलं. "पाडायचं कशाला? शेतीची लाईट रातची आली की उसातनं बिबट्या फिरतो, म्हणून रातच्या समद्या पाळ्या तुमी सोताकडं घेतल्या. दुसऱ्याच्या रानात बी एकलं जाऊन पाणी धरलं. दिवसाची पाळी कवा घेतली न्हाई. असल्या सरकारला कोन पाडतंय?"

"मंग किल्ल्या कशाला केल्या?"

"उद्या तुमचं डोकं फिरलं तर?" मामी म्हणाल्या. "चला आता, ऊन लागंल डोळ्याला."

जगातली सरकारं का टिकतात आणि का पडतात, याचं एवढं थोडक्यात उत्तर मी तरी कुठं ऐकलेलं नाही. मामांनी ते ऐकलं आणि आठ दिवस टीव्ही लावला नाही. जेवायचे, अंगणात बसायचे आणि रिकाम्या नजरेनं विहिरीकडे बघायचे. मामींचा मला फोन आला, "पावणं, लई मनाला लावून घेतलंय वो. येकदा येऊन जावा." त्या प्रथमच घाबरलेल्या वाटल्या. मी शनिवारी निघायचं ठरवलं.

शुक्रवारी सकाळी सहाला फोन वाजला.

"पावणं, गेला!"

"कोण गेला, मामा?"

मागं मोटारीचा आवाज येत होता, बायामाणसं काहीतरी बोलत होती, कुणीतरी मोठ्यानं हसलं.

"मी," मामा म्हणाले. "किल्ली पेटीशेजारच्या खिळ्याला लावली. समदे जमले व्हते परवा. रातच्या पाळ्या आता दोघादोघांनी जायच्या ठरल्या, बॅटऱ्या घेऊन. मी म्हनलं माझं नाव घाला, तर कुनी घालू दिलं न्हाई. एका डोळ्याचा मानूस म्हनले. मला गुरवारची दिली." मग आवाज खाली आणून, एखादी चोरी कबूल करावी तसं म्हणाले, "दिवसाची पाळी हाय, पावणं. वीस वरसात पयल्यांदा, कालच धरली. उन्हात पाणी वाफ्यात शिरताना लई चमकतंय वो. मला म्हाईतच नव्हतं."