गोलकीपर जावई

राष्ट्रीय फुटबॉल संघाच्या प्रशिक्षकांना खेळाडू तोंडावर ‘सर’ म्हणत आणि पाठीमागे ‘भिंत’. सर स्वतः खेळायचे तेव्हा डाव्या बाजूने कुणाला पुढे सरकू देत नसत, त्यावरून ते नाव पडलेलं. पुढे केस पांढरे झाले, पोट सुटलं, नाव काही सुटलं नाही. निवृत्तीनंतर काही वर्षं शाळेत खेळाचे शिक्षक होते, मग ज्युनियर संघ, मग राष्ट्रीय संघाचे सहायक. परदेशी प्रशिक्षक येत, भांडून जात. सर आपले बॉलमध्ये हवा भरत तिथेच. शेवटचे साहेब पात्रता फेरी अर्ध्यावर टाकून गेले, तेव्हा महासंघाचे अध्यक्ष म्हणाले, तुम्ही तात्पुरतं सांभाळा. संघ जिंकू लागला आणि तात्पुरतं म्हणायचं सगळेच विसरले. आता एक सामना जिंकला की देश पहिल्यांदा मुख्य स्पर्धेत जाणार होता.

संघाचा गोलकीपर त्यांचा जावई होता. सर सहायक असतानाच लेकीचं त्याच्याशी जुळलं होतं आणि तेव्हा त्यात कुणाला वावगं वाटलं नाही. फक्त जिभेची पंचाईत व्हायची. मैदानावर ‘अरे, पाय उचल’ आणि घरी ‘घ्या ना अजून, तुम्ही काही खाल्लंच नाही’.

सामन्याच्या आधीच्या रविवारी लेक-जावई जेवायला आले. सर गॅलरीत उभे होते. खालून जावई जिना चढत होता, कठडा धरून, प्रत्येक पायरीवर आधी डावा पाय ठेवून उजवा मागून ओढत. वर दाराशी आला तो सरळ चालत, हसत.

जेवणं झाल्यावर सरांनी लेकीला स्वयंपाकघरात गाठलं. ती आधी उडवाउडवी करत राहिली, मग ओट्याला टेकून रडली. उजवा गुडघा केव्हाचा गेला होता. संघाच्या डॉक्टरांना पत्ता लागू न देता बाहेरून इंजेक्शनं घेणं चाललं होतं. क्लबच्या नव्या करारावर अजून सही व्हायची होती, आणि लंगड्या गोलकीपरला कोण विचारतो?

“हे मी माझ्या बाबांना सांगितलंय,” ती डोळे पुसत म्हणाली. “कोचला नाही.”

आपलेच दात नि आपलेच ओठ. खेळवलं तर अकरा जणांच्या कष्टांवर पाणी पडायचं, आणि कारण सांगून वगळलं तर लेकीच्या संसारावर. बायकोने ऐकलं आणि म्हणाली, एकच तर सामना आहे, खेळू द्या त्यांना.

सरावात त्यांनी मुद्दाम उजवीकडे बॉल टाकायला लावले. जावयाने झेप घेतली, बॉल अडवलाही, पण उठताना दोन्ही हात जमिनीला टेकवून उठला. बाकी कुणाच्या ते लक्षात आलं नाही. सराव संपल्यावर सरांनी त्याला कपडे बदलायच्या खोलीशेजारच्या आपल्या छोट्या ऑफिसात बोलावलं.

“उद्या तुम्ही खेळणार नाही,” सर म्हणाले.

मैदानाच्या आवारात सासऱ्यांनी त्याला कधी ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं. तेवढ्यावरून तो काय ते समजला. हातमोजे चोळत त्याने विचारलं, “लोकांना काय सांगणार?”

“काहीच नाही.”

दुसऱ्या दिवशी दुसरा गोलकीपर उभा राहिला. पोरगा जीव तोडून खेळला, पण शेवटी शेवटी बाजूने आलेला एक साधा उंच बॉल त्याच्या हातांतून निसटून आत गेला. तेवढ्या एका गोलने सगळं संपलं. पत्रकारांनी जावयाला का वगळलं म्हणून सरांना परोपरीने विचारलं. निर्णय माझा होता, एवढंच ते म्हणत राहिले. कुणी लिहिलं, घरचं भांडण देशाला भोवलं. घराच्या फाटकावर बंदोबस्ताला पोलीस आला. कोपऱ्यावरच्या न्हाव्याने खुर्ची रिकामी असून आज वेळ नाही म्हणून सांगितलं. घराचे पडदे दिवसाही ओढलेलेच असत.

सरांनी राजीनामा नेऊन दिला. अध्यक्षांनी तो वाचलाही नाही. “तुम्ही गेलात की लोक मला धरतील,” ते शांतपणे म्हणाले. “करार आहे ना? मुदत संपेपर्यंत बसा.” सर शिव्या खायला बसून राहिले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

जावयाच्या करारावर सही झाली. लेकीचं येणं मात्र थांबलं. फोनवर ती आईशी बोले. बाबांना काय म्हणायचं तेच तिला सुचत नसे. आणि काही महिन्यांनी क्लबच्या सामन्यात जावई गोलखांबाजवळ कोसळला. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, आता खेळणं विसरा.

तो कुबड्या घेऊन सासऱ्यांकडे आला. मागे लेक होती, भिंतीकडे बघत.

“बाबा, आता मी खरं सांगून टाकतो. तुमच्यावरचा बट्टा तरी जाईल.”

सरांनी त्याच्यासाठी खुर्ची ओढली. “सांगाल, तर क्लब म्हणेल की दुखणं लपवून सही केलीत. उपचार थांबवतील, वर कोर्टात खेचतील. बसा आधी.”

“मग तुम्ही असंच किती दिवस?”

लेकीने पुढे होऊन बाबांच्या दंडावर हात ठेवला आणि तिथेच ठेवला. त्या दिवशी चौघं एकत्र जेवले, फुटबॉलचा विषय न काढता.

नवं शिबिर सुरू झालं. सर गाडीच्या काचा वर करून मैदानाच्या फाटकातून आत जात. बाहेर ओरडणारे आता कमी झाले होते, गेले नव्हते. आत तो दुसरा गोलकीपर होता. उंच बॉल आला की त्याचे खांदे आखडत. आपल्याला ऐन वेळी का उभं केलं, हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि सर सांगू शकत नव्हते. सराव संपून बाकीचे गेले की सर त्याला थांबवून घेत.

“ये, पुढे ये,” ते म्हणत, आणि बाजूच्या रेषेवरून एकेक उंच बॉल टाकत राहत.