तिचा हातगुण

आमच्या फ्रिजमध्ये आता दह्याचं भांडं आणि माझ्या डोळ्यांत घालायचं औषध एवढंच असतं. मधली फळी रिकामी. बायको होती तेव्हा तिथे बोट शिरायला जागा नसे. ती रिकामी फळी दिसली की मला ओरत्तनाडुजवळच्या एका गावातल्या कोंबड्या आठवतात.

मी जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होतो. सोवळ्याच्या घरातला माणूस कोंबड्यांना सुया टोचत हिंडतो, याचं तंजावुरातल्या आमच्या नातेवाइकांना हसू येई. उन्हाळ्याच्या तोंडाशी गावोगाव मानमोडीची लस टोचायची, हे माझं काम. मानमोडी म्हणजे राणीखेत. कोंबडी आधी मलूल होते, पांढरट-हिरवं हगते, मग तिची मान पिळवटते, आणि बघता बघता खुराडं ओस पडतं. विष्ठेतून, पाण्याच्या भांड्यातून, बाजारातल्या टोपल्यांतून, माणसाच्या चपलांना चिकटूनसुद्धा हा रोग पसरतो. लागण झाल्यावर औषध नाही. आधी टोचलेली लस हीच काय ती राखण, आणि ती लस जिवंत असते. गारवा मिळाला नाही तर बाटलीतच मरते. मेलेली बाटली आणि जिवंत बाटली दिसायला सारखीच.

त्या गावात एक बाई होती. खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवायला सगळा गाव तिला बोलवायचा. तिने ठेवलेली अंडी वाया जात नाहीत, असा तिचा हातगुण. ती हात धुवायची, पदराला पुसायची आणि एकेक अंडं कानाशी नेऊन मगच कोंबडीखाली सारायची. मी गेलो की ताक द्यायची. "सार, तुमच्या सुईपेक्षा माझा हात बरा. माझ्या हाताला कोंबडी ओरडत नाही," म्हणायची. तमिळ बोलण्यात सरचा सार होतो.

गावात पहाटे लस टोचायची होती, म्हणून आदल्या संध्याकाळी थर्मास मी घरी आणला. आतला बर्फ रात्रभर पुरणारा नव्हता. फ्रिजचं दार उघडलं तोच बायको आडवी आली.

"अहो, ते कोंबड्यांचं का?"

"लस आहे. बाटल्या बंद आहेत."

"बंद असू देत. उद्या सवाष्ण जेवायची आहे. नैवेद्याच्या दह्याला खेटून ते ठेवू? तुमची आई असती तर तुम्हालाच आत घालून दार लावलं असतं."

मी हसलो. थर्मास परसात नेला, पाण्याच्या रांजणाशेजारी ओलं पोतं गुंडाळून ठेवला. सकाळी आत कोमट पाणी होतं. बाटल्या तशाच परत न्यायला हव्या होत्या. पण गावात माणसं कोंबड्या डालून बसली असतील, वरचे लोक विचारतील, मी काय सांगणार होतो? सोवळं? वाटेत बर्फ घेतला आणि थर्मास भरला. बर्फ बदलला, लस तीच राहिली. गावात झाकण उघडलं तेव्हा आतला बर्फ सगळ्यांनी पाहिला.

उन्हं तापू लागली तशी मानमोडी आली. मी गेलो तेव्हा देवळापुढे माणसं जमली होती. "सुई टोचूनही कशा मेल्या, सार?" एकाने विचारलं. मी खाली बघत म्हणालो, "बाजारातून नवं पाखरू कोणी आणलं होतं का?"

प्रश्न खोटा नव्हता. नवं पाखरू आणलं की दोन आठवडे वेगळं ठेवा, हे मीच सांगत आलो होतो. अंडी ठेवणाऱ्या त्या बाईने एक कोंबडा आणला होता आणि तो वेगळा ठेवला नव्हता. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. रोग त्या कोंबड्याबरोबर आलाही असेल. पण लस जिवंत असती तर इतकी खुराडी ओस पडली नसती. मेलेल्या कोंबड्या चुना टाकून खोल पुरा, खुराडी धुऊन उन्हात टाका, एकमेकांच्या अंगणात जाऊ नका, एवढं सांगून निघालो. गावाने सगळं ऐकलं. रोग गेल्यावर माणसं पुन्हा एकमेकांच्या अंगणात जाऊ लागली, तिच्या अंगणात मात्र कोणी गेलं नाही. अंडी ठेवायला तिला पुन्हा बोलावणं आलं नाही.

बायकोला मी हे कधीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने दोष स्वतःकडे घेतला असता, आणि तो तिचा नव्हता. आता ती नाही. मुलाला आपली मराठी बोललेली समजते, पण ही देवनागरी अक्षरं वाचता येत नाहीत. घरात हे वाचणारं कोणी उरलं नाही, तरी लिहितो आहे.

मागच्या महिन्यात बसने त्या गावात गेलो. अंडी ठेवणारी ती बाई, आता म्हातारी, अंगणात शेण गोळा करत होती, तिची सून ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. परसातला रांजण, कोमट पाणी, वाटेतला बर्फ.

तिने शेणाची पाटी उचलली. "मला कशाला सांगता, सार? मला माझा हात माहीत आहे. तिला सांगा. घरची कोंबडी खुडूक बसली की ती माझ्यासमोरून अंडी घेऊन शेजारणीकडे जाते."

मी सुनेकडे वळलो आणि तेच पुन्हा सांगितलं. सून म्हणाली, "इतकी वर्षं तुम्ही कुठे होता?"

मग देवळापुढच्या चहाच्या टपरीवर गेलो आणि तिथेही सांगितलं. एक म्हातारा म्हणाला, "कुठल्या कोंबड्या, सार? ते कोणाच्या ध्यानात आहे?" बाकीचे हसले. आळ घेणारे विसरून गेले होते. मी तरीही शेवटपर्यंत सांगितलं, दोनदा.

बसथांब्याकडे जाताना वाट तिच्या दारावरूनच होती. सून अंड्यांची टोपली घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिने टोपली सासूपुढे नुसती धरली होती. म्हातारी पाटी खाली ठेवून हौदाकडे गेली आणि हात धुऊ लागली. मला तिने पाहिलं. ताक विचारलं नाही. ती कोपरापर्यंत हात चोळत राहिली.

बस आली तेव्हाही ती धूतच होती.