सातवी पास मशीन आणि मनिरामचा गळा

सन दोन हजार तेवीस. कोजागिरी कालच झाली होती. हलका, लवकर पिकणारा धान कापून बांधीत, म्हणजे खाचरात, आडवा पडला होता, भारी धान अजून उभा होता. त्या दिवसापासून पुढचे आठ दिवस आंधळगावच्या माझ्या दुकानात जे झालं, त्याचे किस्से लोक अजून मागतात.

दुकानात वायरचे तुकडे साचतात. फेकायला हात उचलला की वाटतं, कामी येईल. किस्से तसेच साचतात. चाळीसच्या वर वर्षं मी भोंगे आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करतो. वायरचा खोका भरला, किश्शांचाही भरला. आज दुसरा उघडतो.

माणसं चारच. एक मी. दुसरी माझी सून वैशाली. ती मोहाडीला तहसीलसमोर ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवते. तिसरा शेजारी सदाशिव. त्याने जन्मभर हातमागावर कापड विणलं, आता माझ्या बाकावर बसून सल्ले विणतो. चौथा करडीचा मनिराम. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते, दिवसा मांडवात दंडार, म्हणजे गाण्या-नाचाचा खेळ होतो. त्या दंडारीतला मनिरामचा गळा सगळ्या तालुक्याला माहीत आहे.

* * *

मनिरामने गळा कधी मशीनमध्ये भरू दिला नाही. त्याचा ढोलकीवाला डोमा हौशी होता. त्याने माझ्या दुकानात बसून सात गाण्यांची नुसती ढोलकी कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवली.

डोमा म्हणायचा, "तू पण भर ना गा!"

मनिराम म्हणायचा, "मी जिता हावो. आवाज डब्यात कायले कोंबू?"

डोमा चार वर्षांपूर्वी गेला. ढोलकी मशीनमध्ये राहिली.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी मनिराम सायकल टेकवून आत आला. टेबलावर डॉक्टरचा कागद ठेवला. गळ्यात गाठ. पुढच्या सोमवारी नागपूरला ऑपरेशन. आवाज राहील की नाही, डॉक्टर सांगत नव्हता.

"मशीन चालू कर," तो म्हणाला. "डोमाच्या ढोलकीवर सातही गाणे म्हणतो. रविवारपर्यंत."

मी म्हटलं, "मशीन बंद हाये. आवाज आत घेणारं कार्ड पावसाळ्यात विजेनं जळलं."

"मग कायले इतके वर्ष भोंगेवाला म्हणवतेस?" असं म्हणून तो गेला. कागद तिथंच ठेवून गेला!

* * *

त्याला नाही म्हणणं मला शक्य नव्हतं. मी मनिरामचं देणं लागत होतो. पैशाचं नाही.

चाळीस वर्षांपूर्वी मी धंद्यात नवा. करडीच्या मंडईचं पहिलं मोठं काम. मांडवात पाय ठेवायला जागा नाही, मनिराम मंचावर उभा, आणि माझा ॲम्प्लिफायर मेला! लोक ओरडू लागले. दोन जण माझ्याकडे यायला निघाले, आणि ते हार घालायला येत नव्हते.

मनिराम मंचावरून उतरला. ॲम्प्लिफायरवर हात ठेवला. थंडगार. त्याला सगळं कळलं. तो परत मंचावर चढला आणि हात वर करून म्हणाला,

"मशीन चांगली हाये! मीच बंद ठेवायले सांगतलो. आज मोकळ्या गळ्यानं आयका!"

तो दुपारपासून दिवस बुडेपर्यंत तसाच गायला. नंतर पंधरा दिवस त्याला बोलता येत नव्हतं. मला मात्र त्याच मंडईत पुढच्या तीन गावांची कामं मिळाली.

मी आभार मानले नाहीत. त्यानेही विषय काढला नाही.

* * *

कार्ड जळल्यावर पुण्याला असलेल्या माझ्या मुलाने आवाज आत घेणारा नवा डबा पाठवला होता, तो तसाच पडून होता. लाल, विटेएवढा, पुढे माईकची चार भोकं. एका वायरने कॉम्प्युटरला लावायचा. मनिराम गेल्यावर वैशालीने त्याचा खोका वाचला आणि तिचा चेहरा उतरला.

"मामाजी, आपली सिस्टम याले नाई चालत."

"आपली कोणती?"

"विंडोज सेव्हन."

"अन याले कोणती पाहिजे?"

"दहा. नाई तं त्याच्या वरची."

सदाशिव बाकावरून म्हणाला, "म्हणजे सातवी पास मशीनले दहावीची नोकरी!"

मी म्हटलं, "मी चौथी पास हावो. लावा!"

* * *

तुमसरहून एक कॉम्प्युटरवाला बोलावला. शर्ट कडक इस्त्रीचा. डबा पाहिला, कॉम्प्युटर पाहिला, खुर्चीत बसला.

"काका, फेकून द्या हा. नवा घ्या."

मी म्हटलं, नव्यावर डोमाची ढोलकी उघडणार का? ती ज्या प्रोग्राममध्ये भरली तो फक्त याच सिस्टमवर चालतो. वैशालीने तिच्या दुकानातल्या नव्या कॉम्प्युटरवर दोन वेळा करून पाहिलं होतं.

"ते मले नाई माहीत. पण याचा सपोर्टच बंद झाला ना, काका! कंपनी आता याच्याकडे पाहत पण नाई. सपोर्ट बंद, म्हणजे काही भरोसा नाई."

मी म्हटलं, "ज्या खुर्चीवर तुमी बसले, तिचा मागचा पाय तीस वर्षांपूर्वी तुटला. तवापासून तांब्याच्या तारेवर हाये."

तो ताडकन उठला! चहाही उभ्यानेच घेतला.

* * *

तीन दिवस वैशाली मोहाडीचं दुकान लवकर बंद करून इथं येत होती. इंटरनेटवरून एक ड्रायव्हर, म्हणजे डब्याची बोली कॉम्प्युटरला समजावणारा प्रोग्राम, उतरवायची, टाकायची, काढायची. पाच ड्रायव्हर झाले. डब्याचा दिवा कधी लागे, कधी विझे. कॉम्प्युटर काहीच बोलत नव्हता. डबा लावला की नाही, हेही त्याला कळत नव्हतं.

मी म्हटलं, "मशीन सरकव. मागून पाहतो."

बॅटरी मारली. मागच्या एकेका भोकात हळद, कुंकू आणि अक्षता!

दसऱ्याला मी दुकानातल्या प्रत्येक मशीनची पूजा करतो. पुढून सगळेच लावतात. मी म्हणतो, काम तर मागची भोकं करतात. म्हणून दर वर्षी तिथंही बोट लावतो. कोणी सांगितलं नव्हतं. माझं मीच सुरू केलं.

वैशाली स्पिरिट शोधू लागली. शहाणी आहे. सदाशिव बोलला.

"प्रसाद पण ठेवत जा आत. उपाशी हाये बिचारी."

स्पिरिट आणि दाताचा ब्रश घेऊन मी तासभर बसलो. सात तांदूळ निघाले. मग डबा लावला. दिवा स्थिर. पडद्यावर ओळ आली, ती वैशालीने वाचली, हे उपकरण ओळखता येत नाही.

वैशालीने टाळी वाजवली. "झालं जी, मामाजी!"

"काय झालं? ओळखत नाई म्हणते ना ते!"

"आतापर्यंत तं तेही म्हणत नव्हती!"

* * *

शुक्रवार आला. एकही ड्रायव्हर धड बसेना. वैशालीला शंका आली की डबाच खराब असेल. तिने तो एका पिनेने स्वतःच्या मोबाईलला लावला, माईकमध्ये "हॅलो" म्हणाली. हेडफोनमधून लख्ख "हॅलो" आलं!

सदाशिव म्हणाला, "मग मोबाईलातच भरा ना! कायले जीव घेऊन राहिले मशीनचा?"

"अन डोमा? तो मोबाईलात येते का?" मी म्हटलं.



मी वैशालीला विचारलं, "मोबाईलात कोणता ड्रायव्हर टाकला?"

"कोणताच नाई."

"म्हणजे या डब्याले बिना ड्रायव्हरचं बोलता येते. मोबाईलशी बोलते, तं आपल्या मशीनशी काहून नाई बोलत? मशीनले मोबाईल समज म्हणावं डब्याले."

वैशालीने माझ्याकडे पाहिलं. मग खोक्यातलं पुस्तक काढलं. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होतं. मोबाईलला लावताना डब्यावरचं एक बटन दाबून धरायचं, मग वायर खुपसायची. मोबाईलसाठी तिने तसंच केलं होतं. कॉम्प्युटरसाठी तसं करावं हे तिला सुचलं नव्हतं, कारण पुस्तकात तसं लिहिलं नव्हतं. मला वाचताच येत नाही इंग्रजी. तोच फायदा!

तिने बटन दाबून वायर खुपसली. काही नाही.

"निळ्या भोकात काहून लावतेस? काळ्यात लाव," मी म्हटलं. "निळ्यात माऊस पण चालत नाई. मी कधीचा पाहून राहिलो."

काळ्या भोकात लावली. टुंग! पडद्यावर डब्याचं नाव आलं. जुन्या सिस्टमच्या पोटात एक साधा ड्रायव्हर पहिल्यापासून होता, त्यानेच डबा धरला.

"मामाजी, पण चारपैकी दोनच माईक दाखवून राहिले."

"गळा एक, झांज एक. तिसरा कोणासाठी?"

* * *

रविवारी सकाळी मनिराम आला. धुतलेलं धोतर, डोक्याला फेटा, हातात झांज. रेकॉर्डिंगला फेटा दिसत नाही, हे त्याला सांगायची कोणाची हिंमत झाली नाही.

कानाला हेडफोन लावला. डोमाची ढोलकी सुरू झाली. मनिरामने डोळे मिटले, ढोलकी संपेपर्यंत तो गायलाच नाही. आम्ही पुन्हा लावली. या वेळी गायला.

मग ऐकून पाहिलं. गळा ढोलकीच्या मागे पडत होता. थोडाच. पण पडत होता.

सदाशिवने मान खाली घातली. वैशालीने माझ्याकडे पाहिलं. मनिराम मागे पडला, हे त्याला कोण सांगणार?

मनिराम स्वतःच गरजला. "डोमा पुढं पळून राहिला! मेला तरी खोड नाई गेली त्याची!"

खोड डोमाची नव्हती आणि मनिरामची तर नव्हतीच. साध्या ड्रायव्हरने आवाज आत जायला वेळ लागत होता. वैशालीने तो वेळ कमी केला. फार कमी केला तर आवाजात लाह्या फुटत. जास्त ठेवला तर डोमा पळे. दहा-बारा वेळा करून तिने मधली जागा धरली. मी डोळे मिटून फक्त "वर" आणि "खाली" म्हणत होतो. आकडे तिचे, कान माझा.

शेवटच्या वेळेनंतर मनिराम म्हणाला, "आता आला डोमा जागेवर."

* * *

तिसऱ्या गाण्याला मागच्या शेतात मळणीचं मशीन सुरू झालं. धडधड थेट माईकमध्ये.

मी बाहेर गेलो. शेतमालक माझ्याहून तिरसट आहे, त्यात मळायला वीस मजूर लागलेले. मी म्हटलं, "मशीन बंद कर."

"काहून?"

"मनिराम गाणे म्हणून राहिला. उद्या गळा कापते त्याचा."

त्याने मशीन बंद केलं. मी परत आलो. पाचव्या गाण्याला दाराच्या फटीतून पाहिलं, तर वीसही मजूर अंगणात बसलेले. एकही खोकत नव्हता. शेतमालक सर्वांत पुढे होता!

सात गाणी झाली. मनिरामने हेडफोन काढला, टेबलावर ठेवला. फेटा सोडून घडी घातली.

"बरोबर भरलं का?"

"भरलं," मी म्हटलं.

तो सायकल घेऊन निघाला. वैशालीने त्या दिवशी सातही गाणी तीन ठिकाणी उतरवून ठेवली. चौथ्या ठिकाणी माझ्या उशीखाली पेनड्राइव्ह होता.

* * *

करडीची मंडई दिवाळीनंतर दोन आठवड्यांनी भरली. भर दुपार. मी माझा जुना, त्या पहिल्या मंडईत मेलेला ॲम्प्लिफायर नेला. तोच. आतला एकेक भाग बदललेला, पण तोच.

मनिराम आला. गळ्याला पांढरी पट्टी, वर गमछा. ऑपरेशन चांगलं झालं होतं, आवाज गेला होता. नागपूरहून आल्यावर तो घराबाहेर पडला नव्हता, म्हणून गावाला पक्कं माहीत नव्हतं. तो मंचावर त्याच्या जागेवर बसला. फेटा बांधलेला.

लोक ओरडू लागले. "मनिराम दादा, म्हणा ना जी!"

"उठा ना जी! आमी आंधळगावावरून आलो!"

मागून एक जण म्हणाला, "बसून काहून हाये तो? गळा गेला का काय?"

मनिरामची मान खाली गेली.

मी मंचावर चढलो. मी कधी मंचावर चढत नाही. माईक हातात घेतला.

"गळा चांगला हाये! मीच बंद ठेवायले सांगतलो. आज मशीनीतून आयका!"

खाली उतरलो. बटन दाबलं. पहिली थाप डोमाची पडली. मग चारही भोंग्यांतून मनिराम सुरू झाला.

मांडव गप्प झाला. मनिराम मंचावरून हळूहळू उतरला, माझ्याजवळ आला आणि ॲम्प्लिफायरवर हात ठेवला.

गरम होता.