हलका चाप

आमच्या अलास्कात पिस्तूल घेणाऱ्याला एकच काळजी असते: छातीवरच्या पट्ट्यातून ते झटकन बाहेर येईल ना? धावत आलेलं अस्वल विचार करायला सवड देत नाही. माझं दुकान या घाईवरच चालतं. त्या दुकानात येऊन वेंडेल ऑस्बीने त्या उन्हाळ्यात माझं डोकं पिकवलं.

वेंडेल शाळेची बस चालवायचा. निवृत्त झाला तरी सकाळी उठून अंगणातली गाडी गरम करत बसायचा. स्वस्थ बसणं त्याच्या रक्तातच नव्हतं. दर ऑगस्टला तो आणि त्याची बायको मार्लिस नदीकाठी तंबू ठोकून राहायचे, सॅमन मासे धुरावर सुकवायचे, ब्लूबेरी तोडायचे. लग्नापासून एकही ऑगस्ट चुकला नव्हता. यंदा मात्र जुनं पिस्तूल नको, मनासारखं नवं मिळाल्याशिवाय जायचं नाही, म्हणून हा अडून बसला होता.

एक नेलं, परत आणलं. दुसरं नेलं, तेही परत. काउंटरपाशी या पायावरून त्या पायावर होत उभा राहायचा, आणि तक्रार एकच.

"चाप फार हलका आहे रे."

"बोट टेकताच गोळी सुटावी म्हणून लोक चाप हलका करून घ्यायला माझ्याकडे रांग लावतात," मी म्हणालो. "तुला काय अस्वलाशी कुस्ती खेळायचीय?"

तसा तो घाबरट नव्हता. मागच्या वर्षी तंबूपाशी तपकिरी अस्वल आलं, वेंडेलने पिस्तूल रोखलं, पण झाडलं नाही, आणि अस्वल हुंगून निघून गेलं. मार्लिस चर्चच्या जेवणात हे रंगवून सांगायची. "दुसरा कुणी असता तर भीतीने गोळ्या उधळल्या असत्या. माझा नवरा म्हणजे बर्फ." लोक वेंडेलची पाठ थोपटायचे आणि तो ताट ठेवून बाहेर निघून जायचा. आम्हाला वाटायचं, लाजतोय.

जुलै संपत आला तशी मार्लिसच त्याला घेऊन दुकानात आली. "आज हा निवडेल. नाहीतर मी एकटी जाते, अस्वल पळवायचा तिखटाचा फवारा घेऊन."

मी दुकान बंद केलं आणि तीन पिस्तुलं घेऊन दोघांना खडीच्या खाणीत नेलं. आमच्याकडे सराव असा करतात: जुन्या टायरच्या मधोमध पुठ्ठा बसवायचा आणि तो उतारावरून सोडायचा. उड्या मारत अंगावर येतो, थेट अस्वलासारखा. मी आडोशामागून टायर सोडत गेलो. वेंडेलचा एकही नेम चुकला नाही.

"पुठ्ठ्याची चाळण केलीस," मी म्हणालो. "आता कसली खोट काढणार?"

"हलका आहे."

"हलकी तुझी अक्कल आहे!" मी खरंच भडकलो होतो.

मार्लिसने कॉफी खाली ठेवली आणि टायर आणायला ती त्याच्या समोरून निघाली. पिस्तूल रिकामं होतं, मी स्वतः पाहिलं होतं. तरी वेंडेलने ते खडीवर ठेवलं, मागे सरला आणि दोन्ही हात काखेत दाबून धरले.

"बाजूला हो, मार्लिस."

"रिकामं आहे की."

"बाजूला हो म्हणतो ना." त्याचा आवाज चिरकला. "त्या दिवशी अस्वल तुझ्या मागे होतं. तू बेरीचा डबा घेऊन मधेच उठलीस. माझ्या नेमासमोर तुझा चेहरा होता, आणि माझं बोट थांबलं नाही. अर्धा चाप ओढून झाला होता, जरा हलका असता तर सुटलीच असती. तेवढ्यात अस्वल वळलं आणि तू हसलीस, तेव्हा कळलं की गोळी सुटली नाही. मी काही बर्फबिर्फ नव्हतो."

 

मार्लिस टायर आणायचं सोडून परत फिरली. "वर्षभर मी गावाला सांगत फिरले," ती म्हणाली. "एकदा तरी मला गप्प करायचंस."

"सांगताना तुला फार आनंद व्हायचा."

तिने पिस्तूल उचललं, उघडून पाहिलं. मग त्याच्या छातीवरचा पट्टा सोडवला आणि स्वतःच्या जाकिटावर चढवला. तो पोटापर्यंत लोंबला. नेम तिचाही वाईट नव्हता, गावात सगळ्यांना माहीत होतं.

"यंदा बेरी तू तोडायच्या."

"आणि मी मधे उठलो तर?"

"तर कदाचित माझंही बोट थांबणार नाही," मार्लिस म्हणाली. "पण मी तुला त्याच दिवशी सांगेन."

वेंडेल पुढे झाला आणि तिचा पट्टा आखूड करू लागला.