नलूकाकूंचे पाय दक्षिणेकडे

नलूकाकू गेल्या, तेव्हा त्यांचे पाय चुकीच्या दिशेला होते.

आज वर्ष झालं. ही गोष्ट आत्तापर्यंत कुणाला सांगितली नव्हती. ज्यांना हसायचंय त्यांनी हसून घ्यावं.

काकू आमच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे इमारतीत, दोन मजले खाली राहायच्या. मूळच्या साताऱ्याच्या. मुलगा निखिल इथे परदेशात, तुआसच्या कारखान्यात इंजिनियर, त्याच्याकडे आल्या आणि इथल्याच झाल्या.

माझी पाया लेबारच्या ऑफिसातली नोकरी गेली होती. नवरा जहाजावर. मी चाळिशीत मसाज थेरपीच्या लायसन्सची परीक्षा द्यायला निघाले होते.

थिअरीत पास. प्रॅक्टिकलमध्ये नापास.

परीक्षक बाई म्हणाल्या, "युअर हॅन्ड्स आर स्केअर्ड." आता एकच संधी उरली होती.

सरावाला माणूस हवा होता. मैत्रिणी आल्या, गुदगुल्या होतात म्हणून खिदळल्या आणि चहा पिऊन गेल्या.

काकू म्हणाल्या, "माझे खांदे घे. नाहीतरी नुसतेच दुखतात."

पण टेबल बघून दारातच थबकल्या.

"इरा, तुझ्या फोनात दिशा दिसतात ना? दक्षिण कुठे गं?"

माझ्या लेकीने फोन धरला. "डोअर साइड, आजी."

"म्हणजे माझे पाय दक्षिणेला? जिवंतपणीच पोचवतेस का मला?"

मेलेल्या माणसाचे पाय दक्षिणेकडे करतात. जिवंत माणसाने तसं झोपू नये. हे मला माहीत होतं, पण मसाजच्या टेबलाला कोण लावतं?

काकूंनी लावलं. टेबल फिरवलं. तोंड ठेवायची गोल चौकट दाराकडे आली, आणि दार निम्मंच उघडायला लागलं. काकू पोट आत घेऊन आत शिरायच्या.

त्या बोलायच्या नाहीत. दाब बरोबर बसला की नखाने टेबलाच्या कडेवर वाजवायच्या.

टक् टक्.

एवढंच. माझे हात त्या आवाजावर शिकले.

मग एका दुपारी काकू आपल्या घरी झोपल्या त्या उठल्याच नाहीत.

खाली त्यांच्या हॉलमध्ये गेले तेव्हा माझं पहिलं लक्ष पायांकडे गेलं. उत्तरेकडे होते. अगदी माझ्या टेबलावर झोपायच्या तशा.

मी निखिलला बाजूला घेतलं. "दिशा उलटी आहे रे."

तो रडून रडून सुजला होता. "ताई, जागाच तेवढी आहे. कुठे फिरवू?"

खरंच जागा नव्हती. गुरुजींनीही तसेच मंत्र सुरू केले. काकूंना तसंच नेलं.

घरी आले आणि पहिलं काम केलं, टेबल परत फिरवलं. आता काकू नाहीत, निदान दार तरी पूर्ण उघडू दे.

सकाळी दार ढकललं. निम्मंच उघडलं.

चौकट दाराला टेकलेली.

"इरा, टेबल तू हलवलंस?"

"आय डिडन्ट टच लाह. इतकं हेवी आहे ते."

मी पुन्हा फिरवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

तिसऱ्यांदा नाही फिरवलं. खरं सांगते, मला भीती वाटली नाही. मला सरावाला माणूस हवा होता.

रिकाम्या टेबलावर चादर घातली, तेल हातावर घेतलं, आणि जिथे काकूंचा डावा खांदा असायचा तिथे हात ठेवले.

चादर कोमट होती. एसी चालू असताना.

मी दाब दिला.

टक् टक्.

बाहेरून इरा ओरडली, "आई, हू इज नॉकिंग?"

"कुणी नाही. अभ्यास कर."

असे कित्येक महिने गेले. मी पोट आत घेऊन खोलीत जायचे. काकूंचा उजवा खांदा जास्त आखडलेला असायचा, तो अजूनही तसाच लागायचा हाताला.

माझ्या लक्षात आलं होतं. काकूंना कुणी सांगितलंच नव्हतं. पाय उत्तरेकडे, म्हणजे आपण फक्त झोपलोय. असाच त्यांचा हिशोब असणार.

सांगायला हवं होतं. पण परीक्षा तोंडावर होती आणि मला त्या हव्या होत्या.

मागच्या आठवड्यात प्रॅक्टिकल झालं. टेबलावर एक अनोळखी चिनी आंटी पालथी पडलेली. माझे हात गार. खांद्यावर ठेवले, डोळे मिटले.

टक् टक्.

आंटीचे दोन्ही हात अंगालगत, चादरीखाली होते.

पास झाले. परीक्षक बाईंनी विचारलं, "हू डिड यू प्रॅक्टिस ऑन?"

"माय नेबर."

"मस्ट थँक हर, अह."

आज सकाळी इराला शाळेत सोडून आले. टेबल फिरवलं. पाय दाराकडे, दक्षिणेला. धुतलेली चादर घातली.

मानेपासून सुरुवात केली. खांदे, पाठ, कंबर. उजवा खांदा जरा जास्त वेळ. शेवटी तळपाय.

मग म्हटलं, "काकू, मी पास झाले. तुमच्यामुळे झाले. आणि काकू, तुम्ही गेलात. वर्ष झालं."

तळपायांवरचे हात तसेच ठेवले.

मग एकदाच. टक्.

हळूहळू चादर हाताखाली गार पडली. मी तिथेच बसून खूप रडले.

आत्ता संध्याकाळ आहे. टेबल तसंच आहे. दार पूर्ण उघडतंय. इरा मोठ्या खुशीत तीनदा उघडून बघून गेली.

आपल्यात निघणाऱ्याला 'जा' म्हणत नाहीत. 'या' म्हणतात. काकू, तुम्हीच मला त्यावरून रागावला होतात.

तुमच्या पायांना माझा शेवटचा नमस्कार.

'या' म्हणायचा धीर होत नाही. खरंच आलात तर?