पालथी काहील

माझी अम्मा अमीरबी हिच्याइतकं काळजी करणारं माणूस शिरोलीच्या आमच्या नदीकाठाला दुसरं नव्हतं. तिला कारण लागायचं नाही. अब्बा समोरच्या पारावर पान खायला गेले तरी ती दारात येऊन उभी राहायची. "कुटं गेलं?" "पारावर." "मग आजून कसं आलं न्हाईत?" अब्बांनी अजून पानाला चुनासुद्धा लावलेला नसायचा.

ती मूळची घाटाखालची. राजापूरकडच्या एका दर्याकाठच्या वाडीत, मुसलमान मच्छीमारांच्या घरात वाढलेली. माझे अब्बा, मीरासाब, गुळाच्या काहिली दुरुस्त करायचे. काहील म्हणजे उसाचा रस आटवायची लोखंडी कढई, पण चार-पाच माणसं आरामात बसतील एवढी. एका साली ते गुळाच्या गाड्यांबरोबर घाट उतरून बंदरावर गेले आणि येताना बायको घेऊन आले. शाहू महाराज गादीवर बसले तेच ते साल. अब्बा आल्यागेल्याला सांगायचे, "त्या साली कोल्लापूरला राजा मिळाला आन् मला राणी. राजा चांगला निगाला." मग अम्मा लाटणं शोधायची. ती कोकणी बोलायची, अब्बा दख्खनी बोलायचे, आणि भांडायचे मात्र दोघं मराठीत, म्हणजे शेजाऱ्यांना सोयीचं पडावं.

भाकरी थापताना ती दर्याचं सांगायची. पहाटे होड्या गेल्या की वाडीतल्या बायका वाळूत बसून जाळी सांधायच्या, बांगडे वाळत घालायच्या, हात चालू आणि डोळे पाण्यावर. संध्याकाळी शिडं दिसू लागली की मोजायच्या. सगळी भरली तरच चूल पेटायची. मला ते ऐकायला फार आवडायचं. आमच्या पंचगंगेला शिडं नव्हती, पण आम्ही पोरीसुद्धा काठावर बसून पलीकडून येणारी माणसं ओळखायचो.

त्या वाडीतला एक नियम अम्मानं घाटावर आणला होता. घरचं माणूस पाण्यावर किंवा पाण्यापलीकडं असेल तर घरात कुठलंही भांडं पालथं घालायचं नाही. ताटली नाही, तांब्या नाही, कालवणाचं पातेलं तर नाहीच. भांडं पालथं झालं की होडी पालथी होते. का, कशी, विचारलं की, "आमच्यात चालत न्हाई," एवढंच बोलायची आणि तिचा चेहरा असा व्हायचा की पुन्हा विचारायची छाती होत नसे. आणि अशी बाई पडली काहिलीवाल्याच्या घरात! आमच्या अंगणात भांडी नव्हतीच, होत्या त्या काहिली. दुरुस्तीला आलेली काहील पालथी टाकायची, कारण ठोकायचं असतं ते बुडाला. काम पुरं झालं की उताणी करायची. पालथी म्हणजे राहिलेली, उताणी म्हणजे झालेली. हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. अब्बा घरी नसतानासुद्धा गिऱ्हाईक यायचं, उताणी बघून आपली काहील उचलून न्यायचं.

मी दहा-अकरा वर्षांची होते त्या श्रावणात अब्बा पत्रे आणायला नदीपलीकडच्या पेठेला गेले. अंगणात दोन काहिली होत्या. धाकटी दुरुस्त होऊन उताणी. थोरली बाळासो पाटलांची, ती पालथी. तिच्या बुडाला सांध्याजवळ भेग होती. गुऱ्हाळाच्या चुलाणावर असताना भेगेतून झिरपलेला रस करपून तिथंच बसला होता, त्यामुळं ती वरवर बुजलेली दिसायची. नवे पत्रे आले की ते सांधू, असं अब्बा म्हणाले होते.

ते गेले आणि पावसानं धरलं. नदी पात्र सोडून मळ्यात शिरली. अब्बा पलीकडं अडकले. अम्मानं आधी घरातली ताटं-वाट्या उलट्या-सुलट्या तपासल्या, मग अंगणात आली. मला तिचं बघणं कळलं.

"अम्मा, अब्बा वरडतील."

"वरडायला येऊ देत की. मग मी ऐकून घीन."

शेजारच्या शालूबाईला हाक मारून, पहार लावून, तिघींनी मिळून ती थोरली काहील उताणी केली. गुऱ्हाळाला अजून महिने होते. आता कोण काहील न्यायला येतंय, असं तिला वाटलं. पुरात माणसं उतरवायला काहिली लागतात, हे भीतीपोटी तिच्या ध्यानातच आलं नाही. तिचं चुकलंच होतं, पण त्या दिवशी तिच्या डोळ्यांत जी भीती होती ती बघितल्यावर मीही पहारीला हात लावला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी काठावरच होतो. पलीकडं वडाच्या उंचवट्यावर अडकलेली माणसं दिसत होती आणि त्यांत अब्बांचा लाल पटका. अम्मानं तो ओळखला आणि पहिल्यांदा जरा श्वास सोडला. तेवढ्यात वरच्या अंगाला केरबा दिसला. हा आमच्या गावचा पट्टीचा पोहणारा, दर पुराला काहिलीत बसवून माणसं उतरवायचा. तो, त्याचा जोडीदार पिराजी आणि सात-आठ गडी परड्याकडून आमच्या अंगणात जाऊन दोन्ही काहिली खांद्यावर घालून थेट वरच्या अंगानं काठावर आले होते. आम्हाला कळलं तेव्हा थोरली पाण्यात पडली होती. केरबा आत बसून फावड्यानं पाणी मारत होता, पिराजी काठ धरून पोहत होता.

"वैनी, घाबरू नगा," काठावरचा एक गडी अम्माला म्हणाला. "मीरासाब मिस्त्रीला आत्ता घिऊन येत्यात. मोठी घेतलीया, सगळी एकाच खेपंला मावत्याल. पावसाचं पाणी हुतं तिच्यात, एक थेंब गळला न्हाई."

अम्मानं काठावर उरलेल्या काहिलीकडं बघितलं. तिच्या बुडाला अब्बांचे नवे रिवीट होते. मग तिनं पाण्यात गेलेल्या काहिलीकडं बघितलं. पाण्यात होती ती भेग पडलेली. मलाही तेव्हाच कळलं. करपलेला रस अंगणात पाणी धरेल. नदीत, हेलकाव्यात, पाच माणसांच्या भाराखाली किती धरेल?

"केरबाऽऽ! मागं फिराऽऽ!" ती ओरडली. आम्ही सगळेच ओरडलो. पुराच्या आवाजात स्वतःचं स्वतःला ऐकू येत नव्हतं. केरबा पाठमोरा, त्याचं सगळं लक्ष धारेकडं. काहील गरगरत गेली आणि पलीकडच्या उंचवट्याला टेकली. जाताना दोघंच होते, तरली. येताना भरलेली असणार होती. तिकडची माणसं उठून उभी राहिली. लाल पटका पुढं आला.

मी अम्माचा हात धरला होता. मग तो हात तिनं हिसकून घेतला आणि काठावरच्या काहिलीला खांदा लावला.

"हात लावा! पालथी घाला ही!"

"आवो वैनी, पालथी कशाला?"

"घाला म्हनते न्हवं!"

माझ्या जन्मात मी तिला वाटीसुद्धा पालथी घालताना बघितली नव्हती, तीही नवरा पाण्यापलीकडं उभा असताना. गड्यांनी काहील उलटवली. तिचं काळं बूड वर आलं. अम्मा त्या बुडावर दोन्ही हातांनी धपाधप मारत राहिली आणि तोंडानं सारखं अल्लाचं नाव घेत राहिली. मला वाटलं, ही आता वेडी होणार.

पलीकडं अब्बांचा एक पाय काहिलीत होता. ते थांबले. आमच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी पाय मागं घेतला, केरबाला दंडाला धरून बाहेर ओढलं आणि काहिलीत वाकले. काय दिसलं कुणास ठाऊक, पण लगेच सगळ्यांनी मिळून ती वर ओढली आणि पालथी घातली. समजलं, असं त्यांचं आम्हाला सांगणं होतं.

काठावर एकच गलका झाला. मी तर उड्या मारल्या. अम्मा मात्र चिखलात बसली आणि तिनं गळा काढला. गर्दीतली शालूबाई म्हणाली, "आगं, वाचला की तुजा दादला! रडतीस काय?"

"म्हंजी भांड्यानं काय हुत न्हाई," अम्मा म्हणाली. ते तिनं दोनदा म्हटलं. आम्हाला कुणालाच काही उमगेना.

पूर ओसरल्यावर अब्बा आले. अम्मानं त्यांना भाकरी वाढली आणि समोर बसून, कधी न बोललेलं बोलली. ती माझ्याएवढी असताना तिचा थोरला भाऊ होडीवर गेला आणि परत आला नाही. त्या दिवशी तिच्या आईनं भाताचं भांडं घासून पालथं घातलं होतं. वाडीनं बोट दाखवलं. हिनंही दाखवलं. त्या दिवसापासून ती आईशी बोलली नाही, लग्नात निघतानासुद्धा नाही. घाट लांब म्हणून अम्मा माहेरी जात नाही, असं आम्ही धरून चाललो होतो.

"मला घाटाखाली सोडा," ती म्हणाली.

अब्बांनी हातातला घास खाली ठेवला. "म्हातारी हाय का, ते तरी म्हाईत हाय का तुला?"

"न्हाई."

रस्ते वाळायची वाट न बघता त्यांनी गाडी जुंपली. मला मांडीशी घेऊन अम्मा मागं बसली. घाट लागला. पुढं उतार आला, तशी तिनं माझा दंड घट्ट धरला.

"सलिमा," ती म्हणाली, "असली, तर तिला आई म्हनून कंच्या तोंडानं हाक मारू गं?"